खुर्ची आणि नोंदवही

फेब्रुवारी लागला की ऊसपट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या गट ऑफिसांच्या पायऱ्यांवर माणसे सकाळपासून बसलेली दिसतात. आत एक टेबल, एक लोखंडी कपाट, भिंतीवर कारखान्याच्या संस्थापकांची हार घातलेली तसबीर आणि टेबलावर चिटबॉयची, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाची, लांबट नोंदवही. बाहेर बसलेल्या प्रत्येकाचा ऊस त्या वहीत गट नंबर, जात आणि लागणीच्या तारखेसह नोंदलेला असतो. आपली पाळी केव्हा येणार, एवढेच त्याला विचारायचे असते, आणि नेमके तेवढेच त्याला सांगितले जात नाही. ‘तोडणीची टोळी मोकळी झाली की बघू’, ‘प्रोग्रॅम अजून लागला नाही’ आणि ‘जरा वरती बोलून घ्या’ अशी तीन उत्तरे आलटून पालटून मिळतात. पहिल्या दोन उत्तरांनी माणूस घरी जातो. तिसऱ्या उत्तराने तो खिशातून मोबाइल काढतो.

आपल्याकडे सत्तेविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक खुर्चीविषयी असते. कोण अध्यक्ष झाला, कोणाचे पॅनेल आले, कोणत्या घराण्यात किती वर्षे पद राहिले, कोणी कोणाला पाडले, या प्रश्नांभोवती आपली राजकीय समज फिरत राहते. मला असे वाटते, की मोठ्या समूहातली सत्ता समजून घ्यायची असेल तर खुर्चीपेक्षा त्या वहीकडे पाहिले पाहिजे. हजारो माणसांची रोजची कामे ज्या क्रमाने होतात तो क्रम कोण लावतो, तो बदलण्याची मुभा कोणाला असते आणि बदलला तर त्याचे कारण कोणाला द्यावे लागते, या तीन गोष्टींत सत्तेचा मोठा भाग असतो. सहकारी साखर कारखाना हे त्याचे आपल्या घरातले आणि म्हणूनच नीट तपासता येण्याजोगे उदाहरण आहे.

कागदावर पाहिले तर याहून लोकशाहीवादी संस्था शोधून सापडणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे एका सभासदाला एकच मत असते. शंभर एकर उसाचा बागायतदार आणि वीस गुंठेवाला मतपेटीपाशी सारखेच. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची, संचालकांची संख्या जास्तीत जास्त एकवीस, दरवर्षी सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा, छापील अहवाल, लेखापरीक्षण, हरकतीचा अधिकार असे सगळे आहे. भांडवल ज्याचे जास्त त्याचे मत जास्त, हा कंपनीचा नियम इथे जाणीवपूर्वक नाकारलेला आहे. आणि तरीही अनेक कारखान्यांत एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या सत्ता राहिली, हे उघड आहे. निवडणुका झाल्या नाहीत म्हणून ती राहिली असे नाही. निवडणुका होऊनही राहिली.

याची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. पहिले, शहरात विशेष प्रिय असलेले, असे की शेतकरी भोळा आहे, पैशाला-दारूला-जातीला भुलतो. दुसरे, गावात प्रिय असलेले, असे की पूर्वीची माणसे मोठी होती, आता तशी राहिली नाहीत. पहिल्यात सभासदाचा अपमान आहे आणि दुसऱ्यात इतिहासाची सोयीस्कर आठवण आहे. पण मुख्य अडचण ही, की दोन्ही स्पष्टीकरणे माणसांच्या स्वभावापाशी थांबतात आणि काम कसे चालते याकडे बघतच नाहीत. माझ्या पाहण्यातला ऊसवाला सभासद अजिबात भोळा नाही. उताऱ्यात, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणात, पाव टक्का घट आली तर दर किती पडेल याचे गणित तो बांधावर उभ्याने करतो. तो जे करतो ते पूर्ण विचार करून करतो, आणि म्हणूनच त्याचे वागणे समजून घेण्यासारखे आहे.

मुळात ऊस हे पीकच असे आहे, की ते पिकवणाऱ्याला वाट पाहायला लावते. आडसाली लागण जून-जुलैपासून ऑगस्टपर्यंतची, तिला तयार व्हायला सोळा-अठरा महिने, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, ‘सुरू’ लागणीला बारा, आणि तुटलेल्या बुडख्यातून आलेला खोडवा साधारण वर्षाचा. इतके दिवस जमीन, पाणी, खत आणि सोसायटीचे कर्ज अडकवून झाल्यावर जो माल हाती येतो तो कांदा-हरभऱ्यासारखा चाळीत वा पोत्यात ठेवता येत नाही. तोडला की तो लवकरात लवकर, शक्यतो दिवसभरातच, कारखान्याच्या गाळपाच्या गव्हाणीत पडला पाहिजे, नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. तोडला नाही आणि मुदतीपलीकडे उभा राहिला तर तुरे येतात, कांडी पोकळ होते, उन्हाने वजन घटते आणि खोडव्याचाही हंगाम चुकतो. पैसे वजनावर मिळतात. म्हणजे डिसेंबरमध्ये तुटलेला आणि त्याच जातीचा, त्याच तारखेच्या लागणीचा मार्चअखेर तुटलेला ऊस यांच्या बिलांत जो फरक पडतो, तो शेतकऱ्याच्या कष्टाचा नसतो, क्रमाचा असतो.

हा क्रम कसा लागावा याचा नियम आहे. लागणीची तारीख, जात, पक्वता बघून क्रमपाळी ठरते आणि तिच्याप्रमाणे शेतकी विभाग तोडणीचा प्रोग्रॅम देतो. नियम बरोबर आहे आणि तो पूर्णपणे पाळता येत नाही, हेही बरोबर आहे. बीड, जालना, नगर, नाशिककडून येणाऱ्या टोळ्या कमी-जास्त येतात, अवकाळी पावसाने रानात गाडी जात नाही, गव्हाण बंद पडते, एका शिवारात उतरलेली टोळी चार किलोमीटर पलीकडच्या एका एकरासाठी हलवणे परवडत नाही. म्हणून नियमाला मुरड घालण्याची मुभा कोणाकडे तरी असावी लागते. सत्तेचे बी पेरले जाते ते इथे, कोणाच्याही वाईट हेतूशिवाय, एका खऱ्या गरजेतून. मुभा आवश्यक असते. पण ती कोणी, कधी आणि का वापरली याची नोंद होत नाही, आणि नोंद नसली की आवश्यक मुरड आणि मर्जीची मुरड यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही.

मी एका सर्वसाधारण सभेत बसलो होतो. कारखान्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ती सभा कुठलीही असू शकली असती. पुढच्या दहा-बारा रांगा भरलेल्या होत्या, आणि त्यांत सभासदांपेक्षा कामगारच अधिक होते. कार्यकारी संचालक एकेक विषय वाचत होते आणि वाक्य पुरे होण्याच्या आतच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होत होता. एकदा तर ते विषयाचा क्रमांक उच्चारून पाणी प्यायला थांबले आणि तेवढ्यावरच विषय मंजूर झाला. मागून एक वयस्कर सभासद उठला. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराचे पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्क्यांनी व्याज द्यावे असे ऊस नियंत्रण आदेशात आहे, ते व्याज अहवालात कुठे धरले आहे, एवढेच त्याने विचारले. त्याला कोणी दमदाटी केली नाही. अध्यक्षांनी ‘अण्णा, आपण जुने सभासद, ऑफिसात या, सगळे कागद दाखवतो,’ असे अगदी आदराने सांगितले, टाळ्या पडल्या आणि राष्ट्रगीत झाले. त्या हंगामात अण्णांचा ऊस मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तुटला.

ही शिक्षा होती का? मला माहीत नाही, आणि अण्णांनाही माहीत नव्हते. त्या वर्षी टोळ्या खरोखरच कमी होत्या. त्यांच्या शिवारात इतर दोघांचाही ऊस मागे राहिला होता. या सत्तेचे वैशिष्ट्य नेमके हेच आहे. तिची शिक्षा आणि नेहमीचा उशीर हुबेहूब सारखे दिसतात. मारहाण झाली तर पोलीस ठाण्यात जाता येते, सभासदत्व रद्द केले तर सहनिबंधकांकडे अपील करता येते. पाळी आली नाही याविरुद्ध दाद मागायची तर मुळात पाळी केव्हा होती हे सिद्ध करावे लागते, आणि ते ज्या वहीत आहे ती वही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असते. गंमत अशी, की कोणाला शिक्षा करावी लागतच नाही. पुढच्या सप्टेंबरात अण्णांच्या गावातून कोणी प्रश्न विचारला नाही, एवढे पुरेसे होते.

तरीही भीती हा या गोष्टीचा लहान भाग आहे. मोठा भाग उपकाराचा आहे. पायरीवरचा माणूस मोबाइल काढतो आणि संचालकांना, संचालक नसतील तर त्यांच्या पुतण्याला फोन लावतो. फोन उचलला जातो, हे महत्त्वाचे. ‘बघतो’ असे उत्तर येते आणि आठ दिवसांत टोळी येते. त्याचा हक्क होता तोच त्याला मिळाला, कदाचित हक्काच्या पंधरा दिवस उशिरा मिळाला. पण मिळताना तो हक्क राहिला नाही, ‘दादांनी आपले काम केले’ असे झाले. हक्काचे उपकारात रूपांतर करण्याची ही जी प्रक्रिया आहे, ती मोठ्या समूहांतल्या नेतृत्वाचा खरा कारखाना आहे. साखर हा तिथला उपपदार्थ. आणि सभासदाच्या बाजूने पाहिले तर तो काहीच चूक करत नाही. सगळ्यांचा क्रम सरळ व्हावा म्हणून लढायला दोन वर्षे लागतील, चार वाईटपणे येतील आणि फायदा सगळ्यांना सारखा होईल. एक फोन केला तर आठ दिवसांत आपले रान मोकळे होईल. कोणताही व्यवहारी माणूस फोनच करील. हजारो व्यवहारी माणसांनी तसे केले, की प्रत्येकाचा प्रश्न सुटतो आणि सगळ्यांचा प्रश्न तसाच राहतो. पाच वर्षांनी होणाऱ्या मतदानात जे दिसते ते या फोनांची बेरीज असते.

जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट मिशेल्स नावाचा अभ्यासक तिथल्या समाजवादी पक्षात काम करत होता. समतेचे ध्येय घेऊन निघालेल्या पक्षातही मूठभर कायमस्वरूपी पुढारी कसे तयार होतात हे त्याने जवळून पाहिले, आणि १९११ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की संघटना मोठी झाली की ती अल्पजनांच्या हाती जाणारच. याला त्याने लोखंडी नियम म्हटले. कामाची माहिती, पत्रव्यवहार, पैसा आणि सभेचे तंत्र ज्यांच्या हाती रोज असते ते अपरिहार्य ठरतात आणि बाकीचे त्यांचे आभार मानत राहतात, हे त्याचे निरीक्षण आपल्या कारखान्यांना चपखल बसते. पण त्याचा ‘जाणारच’ हा शब्द मला मान्य नाही. पुढे तो इटलीत मुसोलिनीच्या पक्षात सामील झाला, हा तपशील मला केवळ चरित्रापुरता वाटत नाही. लोकशाही कुठेच टिकत नाही असे एकदा ठरवून टाकले, की मग हुकूमशहा निदान प्रामाणिक तरी वाटू लागतो. ‘सगळे सारखेच, मग हाच काय वाईट’ हे वाक्य आपल्या चावडीवरही रोज ऐकू येते. खुर्चीवर बसलेल्याला त्याच्याइतके उपयोगी दुसरे वाक्य नसेल.

सत्ता वहीत असते हे आपल्या लोकांना कळत नव्हते असेही नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि तो उठाव पुणे-नगरच्या गावोगावी पसरला. त्या दंग्यात माणसांवर हल्ले फार झाले नाहीत. लोकांनी मागितले ते कर्जरोखे, आणि हाती आले ते जाळले. सावकाराचा जीव घेऊन काही होणार नाही, त्याची सत्ता त्या कागदांत आहे, एवढे निरक्षर शेतकऱ्याला स्वच्छ दिसत होते. या उठावाच्या पाठोपाठ १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि शेतकऱ्याला सावकाराला पर्याय द्यायचा या प्रश्नातूनच १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा पुढे आला. म्हणजे आपल्या सहकाराच्या मुळाशी एक जाळलेली वही आहे.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. पाटील गावचा प्रमुख खरा, मान त्याचा, पोळ्याला बैलजोडी पुढे त्याची. पण जमिनीचे, वसुलीचे, वारसांचे दप्तर कुलकर्ण्याकडे, आणि ते वंशपरंपरेने त्याच्याच घरात. गावातला खरा वचक कुठे आहे हे महाराजांनी अचूक ओळखले आणि दप्तराला हात घातला. तलाठी आला म्हणून खेड्यात रामराज्य आले असे मुळीच नाही. तलाठ्याने पुढे आपली स्वतःची सत्ता उभी केली, हे सातबारा काढायला हेलपाटे घातलेल्या कोणालाही सांगायला नको. पण वंशपरंपरेचा अधिकार आणि बदली होऊ शकणारा नोकर यांत फरक आहे, आणि तो फरक नाकारणे हाही एक प्रकारचा आळस आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला तेव्हा उताऱ्यासाठीचा हेलपाटा संपला. फेरफाराची नोंद मात्र अजून माणसाच्या हातात आहे, आणि वजन आता तिकडे सरकले आहे.

सहकारी साखर कारखानदारीच्या आरंभीच्या माणसांना या धोक्याची कल्पना होती असे दिसते. नगर जिल्ह्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले आणि प्रवरेचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. पण त्याच्या अध्यक्षपदी ते स्वतः बसले नाहीत; पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि विखे पाटील उपाध्यक्ष राहिले. ज्याचा परिसरात ऊस नाही, सोयरीक नाही, ज्याला गावकीतला कोणताही हिशेब चुकता करायचा नाही, असा माणूस वर असणे याचा अर्थ फार मोठा आहे. क्रमाबद्दल तक्रार आली तर ‘तुमच्या भावकीचा आधी तोडला’ असे गाडगिळांना कोणी म्हणू शकत नव्हते. ही रचना सगळीकडे टिकण्यासारखी नव्हती, कारण गाडगीळ काही गावोगावी मिळत नाहीत. पण ती ज्या विचारातून आली तो विचार, म्हणजे कामाचा क्रम लावणारा हात आणि त्या क्रमाचा लाभ घेणारा हात वेगळे ठेवावेत हा, व्यक्तीवर न सोपवता नियमात उतरवायला हवा होता. ते झाले नाही. तसबिरीला हार मात्र न चुकता पडतो.

ते का झाले नाही, याचे एक कारण मुंबईत आहे. कारखाना केवळ शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहत नाही. राज्य सरकारचे भागभांडवल, कर्जाला सरकारची हमी, जिल्हा बँकेपासून राज्य बँकेपर्यंतचा पतपुरवठा, १९९८ पर्यंत केंद्राचा परवाना, दोन कारखान्यांत ठेवायच्या अंतराची अट, या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी वर जाऊन काम करवून आणणारा लागत होता. जो ते करून आणील तो गावाला अपरिहार्य; आणि ज्याच्यामागे तीस-चाळीस गावांतले सभासद उभे आहेत तो मुंबईलाही अपरिहार्य. अशा नेत्याची ताकद खालून मिळते की वरून, हा प्रश्न चुकीचा आहे. वरच्यांना तो खालची माणसे दाखवतो आणि खालच्यांना वरची ओळख. दोघे थेट समोरासमोर आले तर त्याचे काम उरत नाही. म्हणून प्रवेशद्वार अरुंद ठेवण्यात त्याचे हित असते, अगदी तो सज्जन असला तरी.

सज्जन असतात, हेही लिहिले पाहिजे. या पुढाऱ्यांनी माळरानावर शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालये, दवाखाने, उपसा सिंचन योजना आणल्या; ज्या तालुक्यात मॅट्रिक झालेला माणूस बोटावर मोजता येत होता तिथून पुढच्या पिढीत डॉक्टर निघाले. जे लोक सहकाराकडे केवळ भ्रष्टाचाराची खाण म्हणून पाहतात, त्यांनी कारखाना नसलेल्या शेजारच्या तालुक्यात एक चक्कर मारून यावी. शिवाय अध्यक्षाची स्थिती आपण समजतो तितकी निरंकुश नसते. ज्याला मर्जी दाखवता येते त्याच्याकडे सगळे मर्जी मागतात. एकाचा ऊस आधी तोडला की दहा जण नाराज होतात, मग त्यांतल्या तिघांच्या मुलांना कारखान्यात चिकटवावे लागते, मग गरजेपेक्षा जास्त कामगार होतात, पगार थकतात, कर्ज वाढते. अनेक आजारी कारखान्यांच्या ताळेबंदात ही मर्जीची किंमत वेगवेगळ्या नावांखाली दडलेली सापडेल. मर्जीने राज्य करणारा माणूस मर्जीचा गुलाम असतो, हे मी सहानुभूतीने म्हणतो आहे, टोमणा म्हणून नाही.

आणि ही मर्जी एकट्या अध्यक्षाकडे नसते. ती खालपर्यंत झिरपते. चिटबॉयकडे तिचा एक तुकडा असतो, मुकादमाकडे एक, ट्रॅक्टरवाल्याकडे एक. टोळीला ‘खुशाली’ द्यावी लागते, ड्रायव्हरला खेपेमागे ‘एन्ट्री’. हे दोन शब्द कोणत्याही अहवालात सापडणार नाहीत आणि कोणत्याही बांधावर समजावून सांगावे लागणार नाहीत. वैतागलेला शेतकरी कधी कधी रांग मोडण्याचा शेवटचा मार्ग पत्करतो. जळालेला ऊस तातडीने तोडावा लागतो, म्हणून तो आपल्याच फडाला काडी लावतो, दरातली कपात सोसतो आणि रान मोकळे करून घेतो. वर्षभर पाणी पाजलेल्या पिकाला स्वतःच्या हाताने आग लावणे हे ज्या व्यवस्थेत शहाणपणाचे ठरते, तिथे एक सभासद एक मत या नियमाची किंमत काय, हे मला कोणी समजावून सांगावे. या साखळीच्या अगदी तळाशी जे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात, मुकादमाकडून उचल घेऊन सहा महिने पाचटाच्या खोपीत राहतात, त्यांना तर तेही एक मत नाही. कारखाना त्यांच्या हातांवर चालतो आणि सभासद यादीत त्यांचा उल्लेख नसतो. समूहाची व्याख्या कुठे थांबवायची हा सत्तेचा पहिला निर्णय असतो, आणि तो सहसा मतदानाच्या आधीच झालेला असतो.

मग पर्याय निघून जाण्याचा. राज्यात आज खासगी कारखाने संख्येने सहकारी कारखान्यांच्या बरोबरीला आले आहेत. तिथे सभासदत्व नाही, सभा नाही, मत नाही. आणि तरी पुष्कळ सभासद आपला ऊस तिकडे घालतात, कारण तोड वेळेवर मिळते. याचा अर्थ लोकांना लोकशाही नको आहे असा काढणारे लोक आहेत. मला त्याचा अर्थ एवढाच दिसतो, की दुसरीकडे जाण्याची सोय असली तरच पहिल्या ठिकाणी आपल्या शब्दाला वजन येते. दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर हवाई अंतर असावे ही महाराष्ट्रातली अट उसाच्या उपलब्धतेसाठी आहे, पण तिने शेतकऱ्याची ही सोयही आखडते. आणि २०२१-२२ च्या हंगामासारखा विक्रमी ऊस आला, मराठवाड्यात मे-जून उजाडला तरी फड उभे राहिले आणि शेवटी लांबून वाहतुकीसाठी व घटलेल्या उताऱ्यासाठी सरकारला अनुदान द्यावे लागले, तेव्हा सहकारी काय आणि खासगी काय, दोन्हीकडची वही सारखीच जड झाली होती. टंचाई उसाची नसते तेव्हा ती पाळीची असते. निघून जाण्याचा हक्क चांगल्या वर्षात उपयोगी पडतो. वाईट वर्षात पुन्हा फोनच लावावा लागतो.

कायद्याने दुरुस्तीचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याच्या कायद्यात स्वतंत्र सहकारी निवडणूक प्राधिकरण आले आणि ‘क्रियाशील सभासद’ ही कल्पना आली: पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहिलेला आणि संस्थेच्या सेवा ठरलेल्या प्रमाणात घेतलेला. हेतू चांगला. पण सभेची हजेरी कोणाच्या वहीत आणि ऊस घातल्याची नोंद कोणाच्या वहीत, हे विचारले की हेतूचे काय होऊ शकते ते दिसते. विरोधकाचा ऊस नोंदलाच नाही तर त्याने सेवा घेतली नाही, आणि सेवा घेतली नाही तर तो क्रियाशील नाही. मतदान स्वच्छ करण्यावर आपण जेवढे कष्ट घेतले, त्याच्या दहाव्या हिश्शाने कष्ट दोन निवडणुकांमधल्या सुमारे अठराशे दिवसांवर घेतले नाहीत.

नेता चांगला असावा ही अपेक्षा मी सोडलेली नाही, पण तिच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. माझे म्हणणे त्याहून रुक्ष आहे. नोंदलेल्या उसाची गाववार यादी लागणीच्या तारखेप्रमाणे हंगामापूर्वी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. दर पंधरवड्याला काय तुटले ते त्याच यादीवर दिसावे. आणि ज्याचा ऊस क्रम सोडून आधी तुटला, त्याच्या नावापुढे कारण लिहिलेले असावे. जळीत, पूरबाधित, टोळी त्याच शिवारात होती, बेणेप्लॉट, जे असेल ते. मुरड घालण्याचा अधिकार काढून घ्या असे मी म्हणत नाही, कारण तो काढला तर कारखाना चालणार नाही. तो वापरताना लिहून ठेवा, आणि लिहिलेले टेबलाच्या अलीकडून वाचता यावे, एवढेच. मोबाइलवर ऊस नोंदवायची सोय अलीकडे झाली आहे आणि ती चांगली आहे, पण तीत माझी नोंद मला दिसते. मला शेजाऱ्याची दिसली पाहिजे. स्वतःची तारीख कळल्याने माणूस निश्चिंत होतो किंवा वैतागतो. शेजाऱ्याची तारीख कळल्यावर तो प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न एकट्याचा राहत नाही.

यावर एक आक्षेप येतो तो खरा आहे. यादी उघडी झाली की भांडणे वाढतील, गावात भावकी पेटेल, चिटबॉयला फिरणे मुश्कील होईल. होईल, सुरुवातीला तरी. पण आज ती भांडणे नाहीत असे नाही. ती कुजबुजीत आहेत, आणि कुजबुज ज्याला वर जाऊन मिटवता येते त्याच्याच पथ्यावर पडते.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या गावातून आम्ही चौघांनी असे ठरवले, की हा विषय सप्टेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून लेखी सूचना द्यायची. मजकूर पाऊण पानाचा होता, कोणाचे नाव नव्हते, कोणावर आरोप नव्हता. संध्याकाळी कागद घेऊन सह्यांसाठी फिरलो. चहा सगळीकडे मिळाला, मजकूर वाचून ‘हे व्हायलाच पाहिजे’ असे जवळजवळ प्रत्येकजण म्हणाला. सही मागितली तेव्हा पहिल्या दहा घरांपैकी आठ घरांत एकच उत्तर मिळाले, आणि ते देणारी माणसे भित्री नव्हती, लबाडही नव्हती. ती म्हणाली, यंदाचा ऊस तेवढा तुटून जाऊ दे, मग करतो सही. ऊस एप्रिलमध्ये तुटून गेला. तोवर पुढच्या लागणीच्या नोंदी वहीत चढल्या होत्या.